अनुभव धागा: क्लबचं स्टेडियम नव्याने बांधलं, तुमच्या सीटचं काय झालं?

मंडळी, मँचेस्टर युनायटेडच्या मैदानाचं, ओल्ड ट्रॅफर्डचं काय करायचं यावरून आम्हा युनायटेडवाल्यांत सरळ दोन तट पडलेत. मार्च 2025 मध्ये क्लबने जाहीर केलं की शेजारच्याच जागेत एक लाख क्षमतेचं नवं स्टेडियम बांधायचं. वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांच्या फर्मने काढलेलं चित्र, तीन उंच खांबांवर तोललेलं भलंमोठं छत्र, खर्चाचा अंदाज दोन अब्ज पौंड. तेव्हापासून दुसरा विषय नाही. एक गट म्हणतो, 1910 ची वास्तू आहे, महायुद्धात बॉम्ब पडूनही 1949 मध्ये तिथेच परत आलो, तीच दुरुस्त करा. दुसरा म्हणतो, गळक्या छपराखाली बसून इतिहासाचे गोडवे किती दिवस गायचे?

मला त्या वादात आणखी मतं नकोत. ज्यांच्या क्लबचं मैदान पाडलं, हलवलं किंवा वाढवलं, त्यांनी लिहा. संकल्पचित्रात सगळं चकाचक असतं आणि ऊनही कायम पडलेलं असतं. त्यात न दिसणारं सांगा: सीझन तिकिटावरची तुमची ठरलेली सीट कुठे गेली, शेजारी कोण आलं, मधली वर्षं कुठे काढली. कुणाला त्रागा करायचाच असेल तर क्लबचं नाव टाळा, उगाच भांडणं नकोत.

आर्सेनल

जुनं मैदान हायबरी ते नवं एमिरेट्स हे अंतर चालत काही मिनिटांचं. स्टेशन तेच, रस्ते तेच, बाहेर पडल्यावर वळायची दिशा तेवढी बदलली. त्यामुळे 2006 मध्ये मला वाटलं होतं, यात काय मोठंसं! पण 38 हजारांवरून एकदम 60 हजार झालो आणि आवाजाचं गणितच बदललं. हायबरीत प्रेक्षक रेषेला इतके खेटून बसायचे की थ्रो-इन घेणाऱ्याला आमचे सल्ले ऐकू जायचे (तो ते मानायचा नाही, हा भाग वेगळा). नव्या जागी गादीच्या खुर्च्या. माणूस गादीवर बसला की टेकतो, आणि टेकला की गप्प होतो.

क्लबच्याही ते लक्षात आलं असावं. 2009 पासून त्यांनी बाहेरच्या भिंतींवर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून पाठमोरे उभे असलेले जुने दिग्गज चितारले, आत जुन्या खुणा आणल्या. फरक पडला, पण खरा आवाज यायला चांगला संघ आणि एक नवी पिढी लागली. दरम्यान स्टेडियमच्या कर्जापायी खरेदीत हात आखडता आणि मोठे खेळाडू दरवर्षी दुसरीकडे, असा काळ गेला. युनायटेडवाल्यांनो, छत्र केवढं हे नंतर विचारा. कर्ज कोण फेडणार आणि तोवर संघावर खर्च किती, हे आधी.

हायबरीच्या पूर्व स्टँडचा दर्शनी भाग संरक्षित असल्यामुळे शाबूत आहे. शेवटच्या मॅचमध्ये विगनविरुद्ध हॅट्ट्रिक करून ऑन्री ज्या हिरवळीचं चुंबन घ्यायला वाकला, तिथे आता फ्लॅटवाल्यांची बाग आहे. मी एकदा फाटकातून बघून आलो. पुन्हा जाणार नाही.

टॉटनहॅम

वरचे गृहस्थ आमच्या शेजारच्या हाडवैरी क्लबचे, त्यांच्याशी सहमत व्हायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. आवाजाच्या बाबतीत मात्र आमचं उलट झालं. 2017 मध्ये व्हाइट हार्ट लेन पाडलं, वेम्बलीत दिवस काढले, उद्घाटन लांबत लांबत एप्रिल 2019 उजाडलं. पण गोलमागचा दक्षिण स्टँड बघाच: एकाच उतारावर साडेसतरा हजार माणसं, मध्ये कुठेही बड्या पाहुण्यांच्या बॉक्सची काचेची पट्टी नाही. आवाज तिथून येतो. ट्रॉफ्यांबद्दल प्रश्न विचारू नयेत.

एव्हर्टन

माझे सासरे गुडिसन पार्कवर आयुष्यभर एका खांबामागे बसले. 1892 चं मैदान, जुन्या स्टँडांना खांब असणारच. डावीकडचा गोल बघायचा तर झुकावं लागे. 2025 मध्ये आम्ही ब्रॅमली-मूर गोदीवरच्या नव्या स्टेडियमात गेलो. सुमारे 53 हजारांची सोय, उतार खडा, समोर एकही खांब नाही. चेंडू डावीकडे गेला की सासरे अजूनही झुकतात आणि शेजारच्या मुलाला कोपर लागतं. तो बिचारा पहिल्यांदा दचकला, आता सवयीने सरकतो.

यापेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे गुडिसनच्या मैदानाच्या कडेने शेकडो समर्थकांच्या अस्थी पुरलेल्या आहेत. पुढे जागाच उरली नाही, तेव्हा क्लबने ती प्रथा थांबवली. आमच्या रांगेत एक बाई असायच्या, त्यांचे वडील कॉर्नर फ्लॅगजवळ आहेत. मैदान पाडणार असं पक्कं होतं तेवढी वर्षं त्या नव्या स्टेडियमचा विषय निघाला की पाण्याची बाटली उघडून बसायच्या. मग मे 2025 मध्ये क्लबने सांगितलं की गुडिसन पाडणार नाही, महिला संघ तिथे खेळेल. आता त्या दोन्हीकडे जातात. महिला संघाच्या मॅचला जरा लवकरच.

काम्प नोउ

आम्ही बार्सिलोनावाले 2023 च्या उन्हाळ्यात काम्प नोउमधून बाहेर पडलो आणि मॉन्जुइकच्या टेकडीवर ऑलिम्पिक स्टेडियमात भाडेकरू झालो. धावपट्टीच्या पलीकडे लामिन यमाल, अलीकडे आम्ही, मध्ये एवढं अंतर की ड्रिबल स्क्रीनवर बघावं. बऱ्याच सभासदांनी त्या काळापुरती सीट सोडून दिली. परतीची तारीख पुढे पुढे गेली आणि नोव्हेंबर 2025 मध्ये अर्धवट बांधलेल्या स्टेडियमात परतलो. एथलेटिक बिल्बाओला 4-0 हरवलं, वर क्रेन उभ्या. तारखेवर विश्वास ठेवू नका, एवढंच.

त्याच 4-0 मधला बिल्बाओवाला

आम्हाला घर सोडून भाड्याने राहावं लागलं नाही. नवं सान मामेस जुन्याच्या अंगाला लागून उभं केलं. सप्टेंबर 2013 मध्ये तीन बाजू तयार होताच खेळायला सुरुवात, आणि जुनं जिथे उभं होतं तिथे चौथी बाजू नंतर. वर्षभर एका बाजूला चक्क बांधकाम दिसायचं. जुन्या स्टँडवरची कमान लेसामाच्या प्रशिक्षण केंद्रात नेऊन उभी केली. युनायटेडलाही शेजारीच बांधायचं असेल तर भाड्याने राहावं लागणार नाही. ही बाब तुमच्या भांडणात कुणी मोजत नाही.

पेशाने स्ट्रक्चरल इंजिनियर, मनाने युनायटेड

"दुरुस्त करा" म्हणणाऱ्यांनी एकदा बॉबी चार्लटन स्टँडच्या मागे जाऊन उभं राहावं. पाठीला पाठ लावून रेल्वेमार्ग आहे. म्हणूनच बाकी तीन बाजू वाढत गेल्या आणि ही एकच ठेंगणी राहिली. तिथे दुसरा मजला चढवायचा तर रुळांवरून जावं लागेल.

दुसरा मुद्दा नजरेचा. आमच्या धंद्यात सी-व्हॅल्यू म्हणून एक माप आहे: मैदानाच्या जवळच्या कडेकडे बघताना तुमची नजर पुढच्या माणसाच्या डोळ्यांच्या किती वरून जाते. 12 सेंटिमीटर म्हणजे झकास, 9 ठीक, 6 म्हणजे मान ताणून. रांग जितकी मागे तितकं हे माप राखायला उतार खडा करावा लागतो, आणि साधारण 34-35 अंशांच्या पुढे जिना धोकादायक ठरतो. शिवाय लांबच्या कॉर्नरपासून 190 मीटरच्या पुढे बसलेल्याला चेंडू नीट दिसतच नाही असं धरतात. या दोन चिमट्यांत एक लाख माणसं बसवायची आहेत. जमतं, पण कॉर्पोरेट बॉक्सची एक पट्टी वाढली की तिच्यावरचा सगळा मजला उंच आणि लांब ढकलला जातो. म्हणजे बॉक्समधल्या आरामाची किंमत वरच्या रांगेतला माणूस नजरेने मोजतो. आराखड्याचा आडवा छेद मागा, म्हणजे स्टँड उभा कापला तर रांगा आणि मजले कसे दिसतील ते. रंगीत चित्र नको, छेद.

क्लबचं नाव नको

आमच्याकडे सीटवाटप गुणांवर झालं. किती वर्षं तिकीट आहे, बाहेरगावच्या किती मॅचना गेलात, वगैरे. कागदावर न्याय्य. पण गुण माणसाला मिळतात, रांगेला मिळत नाहीत. आमच्या रांगेत सगळ्यांचे गुण वेगवेगळे, त्यामुळे प्रत्येकाला निवडीची वेळ वेगळी मिळाली. माझी पाळी आली तेव्हा आधीच्यांनी घेतलेल्या ब्लॉकमध्ये एकही चौकोन हिरवा नव्हता. स्क्रीनवर करडे चौकोन, कोपऱ्यात उलटा चालणारा टायमर, आणि फोनवर आमच्यातला एकजण ओरडतोय, "अरे 114 बघ, 114!" 114 नंबरच्या ब्लॉकमध्ये एक सुटी जागा होती, खांद्याला खांदा लावून अनोळखी माणसं.

जुन्या जागी माझ्या मागे एक बाई बसायच्या. पेनल्टी असली की त्या पुढे वाकून माझा डावा खांदा घट्ट धरायच्या, आपली असो की पाहुण्यांची. इतकी वर्षं झाली पण नाव विचारायचं कधी सुचलं नाही, गरजच पडली नाही. नव्या स्टेडियमात त्या कुठे आहेत ठाऊक नाही. तिकीट महागलं तेव्हा अनेकांनी सोडलं, त्यांत त्या असतील कदाचित. दृश्य उत्तम आहे, स्वच्छतागृहात रांग नाही, पाय पसरायला जागा आहे. रांगेच्या रांगेला एकत्र अर्ज करू द्या, एवढी एक अट आम्ही वेळेत लावून धरली असती तर पुरे होतं.

उनियोन बर्लिन

आमच्या क्लबकडे पैसाच नव्हता, म्हणून 2008-09 मध्ये समर्थकांनीच स्टेडियम बांधलं. दोन हजारांहून जास्त स्वयंसेवक, 1 लाख 40 हजार तास. मी तेव्हा तिथे शिकत होतो. हातात कुठलंच कौशल्य नाही म्हटल्यावर फावडं मिळालं. मुकादमाने माझं फावडं धरणं बघून तासाभरात मला झाडूवर पाठवलं. 22 हजारांतली 18 हजारांहून जास्त माणसं तिथे उभी राहूनच मॅच बघतात. सीटच नाही, तर सीट कुठे गेली हा प्रश्न आम्हाला पडत नाही.

उभं राहण्यावरून एक बाजू

उभं राहून बघण्याचं मलाही कौतुक आहे. 1989 मधल्या हिल्सबरो स्टेडियमातल्या जीवघेण्या चेंगराचेंगरीनंतर चौकशीचा टेलर अहवाल आला, इंग्लंडमधल्या वरच्या दोन विभागांत सगळ्यांना बसवलं, आणि 2022 पासून कठड्याच्या सीटांसह परवाना घेऊन उभं राहता येऊ लागलं. चांगलं झालं. पण माझा भाऊ व्हीलचेअरवर असतो. जुन्या स्टँडमध्ये त्याची जागा खाली, कडेला. गोल होणार असं दिसताच पुढचे सगळे उठायचे. त्याने वर्षानुवर्षं गोल पाठींच्या भिंतीतून ऐकले, मग माझ्याकडे मान वळवून "कुणी मारला?"

नवीन बांधताय ना, मग व्हीलचेअरचा ओटा इतका उंच हवा की पुढचे उभे राहिले तरी नजर वरून जावी. इंजिनियर साहेबांनी सांगितलेलं माप उभ्या माणसावरून काढायचं, बसलेल्यावरून नाही. आणि सोबत एकच माणूस हा नियम बदला. त्याला चार मित्र आहेत, ते त्याला दुर्बिणीतून बघतात.

धागाकर्ता

इंजिनियर साहेब, या ओट्याचा हिशेब जमेल का? समर्थकांच्या बैठकीला छेदाचा प्रश्न आणि रांगेच्या एकत्र अर्जाचा प्रश्न दोन्ही लेखी देतोय.

इंजिनियर

जमतो, आधी ठरवलं तर. मागाहून ओटा उचलायचा म्हणजे मागच्या चार-पाच रांगांच्या नजरा जातात, मग कुणी हात लावत नाही. लेखी द्या, मसुदा मी बघतो.

अजून एक युनायटेडवाला

सगळं वाचलं, डोळेही पाणावले. पण इथे लिहिणाऱ्या प्रत्येकाकडे सीट होती. माझ्याकडे नाही, मी प्रतीक्षायादीत आहे. तुमचा शेजारी, तुमचा खांब, तुमची पेनल्टीवाली बाई. मला यातलं काहीच हरवता येत नाही, कारण अजून आतच घेतलेलं नाही. 74 हजारांचे एक लाख झाले तर वाढलेल्या जागांत सीझन तिकिटं किती आणि एका मॅचपुरते येणाऱ्या पाहुण्यांना किती, हा तिसरा प्रश्न त्या लेखी निवेदनात घाला. उत्तर मिळालं तर इथेच कळवा.