प्रिंटएफच्या ओळीत ‘स्ट्रे ३४२’ का येतंय?

प्रश्न: पीडीएफमधली प्रिंटएफची (सी भाषेत स्क्रीनवर मजकूर छापणारी) ओळ उचलून जीसीसीत, म्हणजे सीच्या कंपायलरमध्ये (कोडचा चालणारा प्रोग्रॅम करणारं साधन) टाकली. ‘स्ट्रे ३४२’, ‘स्ट्रे २००’, ‘स्ट्रे २३४’ (स्ट्रे म्हणजे भलतंच अक्षर) अशा एरर... एका ओळीत सहा वेळा! अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, चूक दिसत नाही. उद्या सबमिशन आहे.

उत्तर: अवतरणचिन्हं बघ. तुझी वाकडी आहेत, सीला सरळ उभी लागतात. वाकड्या चिन्हाचे यूटीएफ-८मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) तीन बाइट होतात. उघडणाऱ्या चिन्हाचे ऑक्टलमध्ये (आठच्या पायातल्या आकड्यांत) तेच ३४२, २००, २३४. दोन्ही खोडून कीबोर्डवरून टाइप कर. माझी अख्खी रात्र यात गेली होती, म्हणून सांगते.

प्रश्नकर्ता: ताई, स्ट्रे गेले! पण आता ‘मिसिंग टर्मिनेटिंग’, म्हणजे शेवटचं अवतरणचिन्ह नाही, असं म्हणतोय.

उत्तर: स्ट्रिंगच्या (अवतरणांतल्या मजकुराच्या) मध्येच एंटर मारलंयस का? मग दोन्ही तुकड्यांना आपापली अवतरणं दे. शेजारचे तुकडे कंपायलर स्वतःच जोडतो, मध्ये स्वल्पविराम नको.

प्रश्नकर्ता: मारलं होतं! चाललं, ताई.