मूल रडत नाही म्हणजे दुखत नाही, असं असतं का?

मनूची_आई
नमस्कार, अनुभव असेल त्यांनी प्लीज लवकर सांगा. मुलगा साडेतीन वर्षांचा, काल हर्नियाचं ऑपरेशन झालं, अजून हॉस्पिटलमध्येच आहोत. सकाळी सिस्टरनी किती दुखतंय ते बघायचं चेहऱ्यांचं कार्ड दाखवून विचारलं तुझा चेहरा कुठला, त्याने पटकन पहिल्या हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि त्या शून्य लिहून गेल्या. पण एरवी एक मिनिट गप्प न बसणारं पोर भिंतीकडे तोंड करून पडलंय, कूस बदलायला गेले तर माझं मनगट घट्ट धरतो. चादर काढून बघितलं तर गुडघे पोटाशी आणि पायाची बोटं आवळलेली. हे म्हणतात रडत नाहीये ना मग झालं. परत जाऊन सांगू का?

वॉर्डातली_ताई
सांगाच, आत्ता जा. मी अकरा वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात आहे. साडेतीनच्या मुलाला कार्ड दाखवलं की बरीच मुलं आवडलेला चेहरा निवडतात, म्हणून तर 2001 मध्ये आलेल्या सुधारित कार्डात हसरा चेहरा नाही आणि अश्रूही नाहीत, आणि तेसुद्धा चार वर्षांच्या पुढेच वापरतात. या वयाला आम्ही फ्लॅक स्केल लावतो, म्हणजे मुलाकडे बघून दुखणं मोजायचं. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि जवळ घेतल्यावर शांत होतो का, या पाचांना प्रत्येकी 0 ते 2, म्हणजे एकूण दहापैकी. त्यात रडणं पाचातलं फक्त एक आहे हो! आणि पांघरूण काढून पाय बघायचे असतात, जागा असेल तर निदान एक ते पाच मिनिटं, दारातून डोकावून नाही. तुम्ही चादर काढलीत तेच बरोबर केलंत. "बोटं आवळलीयेत, हलवू देत नाही" असं जसंच्या तसं सांगा, नुसतं "त्याला त्रास होतोय" म्हणू नका.

अद्वैतची_आई
ताईंशी सहमत. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, बोलता येत नाही, आणि त्याला दुखलं की तो चक्क हसतो, वेगळंच हसू असतं ते, मलाच कळतं. त्याच फ्लॅकचा एक सुधारित प्रकार आहे त्यात आईवडिलांनी सांगितलेल्या खुणा लिहून घेतात. आम्ही ॲडमिट होताना पहिल्याच दिवशी फाईलवर लिहून देतो.

चंद्रपूरकर
मोठ्या पोरांचंही सांगतो. मुलगी पंधरा वर्षांची, सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा झटका, आला की दहापैकी नऊ सांगते आणि मोबाईल बघत पडून राहते, तर एक जण म्हणाले नऊ दुखणारा माणूस मोबाईल बघतो का. अहो ती दुखणं विसरायला बघते, लहानपणापासून सोसून सोसून तिला तेवढंच जमतं. या वयात आकडा तिचाच धरायचा. आणि शक्य असेल तर आम्हाला बाहेर पाठवून विचारायचं, माझ्यासमोर ती कमी सांगते, बाबा घाबरतील म्हणून.

जुना_वाचक
1980 च्या दशकापर्यंत नवजात बाळांना वेदना नीट जाणवत नाहीत असं बरेच डॉक्टर धरून चालायचे, ऑपरेशनसुद्धा अगदी जुजबी भूल देऊन व्हायची. 1987 मध्ये ऑक्सफर्डला कंवलजीत आनंद आणि सहकाऱ्यांनी दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळांवर दाखवून दिलं की ऑपरेशनच्या वेळी फेंटानिल हे वेदना कमी करणारं औषध दिलं तर शरीरावरचा ताण कितीतरी कमी होतो. बाळ सांगू शकत नाही म्हणून केवढं सोसावं लागलं त्यांना, वाचून झोप लागली नव्हती.

मनूची_आई
सगळ्यांचे खूप आभार. जाऊन तसंच सांगितलं, दुसऱ्या सिस्टर आल्या, पांघरूण काढून बघितलं, सहा लिहिले, डॉक्टरांना विचारून औषध दिलं. तासाभराने बोटं सैल झाली आणि बाळ माझ्याकडे तोंड करून झोपलंय. फक्त संध्याकाळी उठवून चालवायचं म्हणालेत, तेव्हा परत दुखेल का?

वॉर्डातली_ताई
दुखू शकतं. चालवायच्या आधी औषध द्यायचं का हे आत्ताच विचारून ठेवा, आणि चालवल्यावर परत स्कोर घ्यायला सांगा. पडून असतानाचा आकडा वेगळा असतो.