मदत हवी आहे: हॅलोविनच्या भोपळ्यांचं काय करू?

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत असतो. ३१ ऑक्टोबर उलटला आणि दाराशी चार भोपळे उरलेत. दोन भुताचे चेहरे कोरलेले, आत मेणबत्तीची काजळी, एकाच्या दातांना बुरशी. ते मेणबत्त्या काढून कंपोस्टात जातील. तिसऱ्यावर लेकीने रंग नि चमकी फासलीय, म्हणजे खतालाही साल सोलूनच. प्रश्न अख्ख्या चौथ्याचा. त्याच्या जोडीदाराचे काल घारगे केले, पण हा कोरायचा भोपळा आपल्या लाल भोपळ्यासारखा गोड कुठला! पाणचट, धागेदार. कणीक खातच गेला, गूळ दुप्पट लागला, तरी घारगे बेचवच. बिया मात्र तिखट-मीठ लावून भाजल्या, लगेच फस्त. कीस पिळून थालीपीठ, सांडगे किंवा भरीत कुणी केलंय का? प्रमाण सांगा ना.