पूर-सूचनेचा फ्लेक्स: चित्र किती, मजकूर किती?

दुधाळीकर: पावसाळ्याआधी मंडळातर्फे गल्लीच्या तोंडाला ६ बाय ४ फुटांचा फ्लेक्स लावायचाय. कोल्हापुरात पंचगंगेचं पाणी वाढलं तर कधी निघायचं, कुठं जायचं, काय घ्यायचं. निम्मे म्हणतात नुसती चित्रं टाका, कोण वाचत बसतंय. निम्मे म्हणतात सगळं लिहा, नाहीतर मागनं वाद. मजकूर दीड पान झालाय. हाच ग्रुपवर पण टाकणार. काय ठेवू?

शिरोरेषा: दीड पान विसरा. बोर्डवाल्यांचा ठोकताळा असा: १० फूट अंतराला १ इंच अक्षर. पलीकडच्या फुटपाथवरनं, ३० फुटांवरनं वाचायचं तर ३ इंच, तेही मात्रा-उकार सोडून. ओळीतलं अंतर दीडपट हवंच, नाहीतर वरचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. म्हणजे ओळीला साडेचार इंच. निम्मा फ्लेक्स चित्राला दिला की उरलेल्या २४ इंचांत पाच ओळी, ओळीत वीसेक अक्षरं. तेवढंच भांडवल.

चित्राला 'काय' आणि 'कुठं' द्या: निवाऱ्याचा रस्ता, पिशवीत कागदपत्रं, औषधं, टॉर्च. 'कधी', 'जर', 'तोपर्यंत' चित्रात येत नाही, कितीही हुशार चित्रकार आणा. ते त्या पाच ओळींत, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी धरून:

राजाराम बंधारा पातळी
३९ फूट इशारा: सामान बांधा
४३ फूट धोका: घर सोडा
मदत: १०७७

१०७७ हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर. पाचवी ओळ निवाऱ्याच्या नावाला. सखल गल्लीत ४३ च्या आधीच पाणी येत असेल तर जुन्याजाणत्यांना विचारून तो आकडा टाका. क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतंय) नको, त्यावरनं कुणालाच घराची पायरी कळत नाही.

पेठेतला: एक भर. पातळी दाखवायला चित्रात मोजपट्टी काढलीत तर तिच्याशेजारी घर किंवा माणूस काढू नका. ४३ फूट ही बंधाऱ्यावरची पातळी, गल्लीतली खोली नव्हे. पण चित्र बघणाऱ्याला वाटतं, चार मजले बुडणार. मग 'आपल्याकडं एवढं कधी येतंय!' म्हणून तो घरातच बसतो. मोजपट्टी एकटी, शेजारी बंधाऱ्याचं नाव.

आणि 'पाण्यात गाडी घालू नका' याला गाडीवर जाड लाल फुली मारली की लांबनं गाडी दिसतच नाही. पांढऱ्यावर काळी गाडी, लाल वर्तुळ, डावीकडून वरनं उजवीकडं खाली एकच तिरकी पट्टी. खाली शब्द लिहाच.

दुधाळीकर: आलं ध्यानात. छपाईला ग्रुपवरचीच इमेज दिली तर चालेल?

कर्व्ह_करा: अजिबात नको. ग्रुपवरनं आलेली इमेज १६०० पिक्सेलची असेल तर ती ६ फुटांवर ताणल्यावर इंचाला जेमतेम २२ पिक्सेल पडतात. निदान ७२ हवेत, म्हणजे ५१८४ बाय ३४५६. पीडीएफ करा, डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि त्याआधी मजकूर कर्व्हमध्ये बदला, म्हणजे अक्षरं फॉन्ट न राहता नुसते आकार होतात. नाहीतर दुकानातल्या जुन्या कोरलमध्ये (डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये) फॉन्ट बदलतो, 'स्थलांतरित'ची वेलांटी 'त'वर जाऊन बसते आणि जोडाक्षर फुटतं. तरी छापण्याआधी प्रूफ मागाच.

ग्रुपसाठी वेगळी इमेज करा, उभी, तिच्यातच तारीख आणि वेळ ठळक. कॅप्शन गळून पडतं आणि २०१९ च्या पुराचा फोटो दर पावसाळ्यात नव्यानं फिरतो. नंबर मात्र इमेजखाली टाईप पण करा, इमेजमधल्या नंबरवर बोट दाबून सगळ्याच मोबाईलवर फोन लागत नाही. अंध माणसाच्या फोनला इमेजमधली अक्षरं वाचता येतीलच असं नाही.

शिरोरेषा: निवाऱ्याकडं दाखवणाऱ्या बाणाचं राहिलं. एकच डिझाईन गल्लीच्या दोन टोकांना लावणार असाल तर एकीकडं बाण नदीकडं दाखवेल. दोन फाईली करा, नावातच 'नदीकडचा' आणि 'चौकाकडचा' लिहा, आणि बांधायला येणाऱ्या पोराला कोणता कुठं ते आधीच सांगा.