एटॅग्ज तोफेला एवढी वर्षं का लागली?

पाषाणकर: मंडळी, पुण्याच्या एआरडीईने (डीआरडीओची तोफा-शस्त्रांवर संशोधन करणारी संस्था) एटॅग्जचं, म्हणजे गाडीने ओढून न्यायच्या १५५ एमएम देशी तोफेचं काम २०१३ च्या आसपास हातात घेतलं, २०१६ ला ओडिशातल्या बालासोरला पहिल्यांदा फायरिंग झालं, आणि ३०७ तोफांची ऑर्डर निघाली थेट मार्च २०२५ मधे. मधली नऊ वर्षं नेमकं काय चालू होतं? कुणाला आतलं माहीत असेल तर जरा सविस्तर सांगा.

गनर_नाशिक: मुख्यतः ट्रायल हो. तोफ एकदा चालली म्हणजे झालं असं नसतं, भर उन्हाळ्यात पोखरणच्या वाळूत चालली पाहिजे आणि तीच सिक्कीमच्या थंडीत उंचावर पण, आणि एखादा सीझन हुकला की सरळ पुढच्या वर्षावर जातं. त्यात ही साधी गन नाही, चेंबर (नळीतली दारू भरायची जागा) २५ लिटरचं, अशा लांब नळीच्या इतर १५५ एमएम तोफांना साधारण २३ असतं, म्हणून तर ४८ किमी मारा केला तिने २०१७ ला. पण प्रेशरही तेवढंच वाढतं ना. सप्टेंबर २०२० ला पोखरणला बॅरल फुटलं, चार जण जखमी झाले, मग फायरिंग थांबवून चौकशी. हा वेळ वाया गेला असं कृपया कुणी म्हणू नका, गनजवळ आपलीच पोरं उभी असतात.

सह्यकडा: ट्रायलचं पटतं, पण त्या २०२२ ला संपल्या की! पुढची तीन वर्षं कागदच फिरत होते. मार्च २०२३ ला संरक्षण मंत्रालयाची तत्त्वतः मंजुरी, मग टेंडर, भावाची घासाघीस, शेवटी सीसीएस, म्हणजे मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीची मंजुरी. याचा मला खरंच राग येतो. के-९ वज्र या स्वतः चालणाऱ्या तोफेचा करार २०१७ चा आणि एल अँड टीने २०२१ च्या फेब्रुवारीत शंभरावी गन दिली पण.

गनर_नाशिक: वज्रचं डिझाइन कोरियाचं, तिकडे आधीपासून वापरात होतं, त्यामुळे ती तुलना नको. आपल्याकडे १९८६ च्या बोफोर्स करारानंतर तीसेक वर्षं नवी तोफच आली नाही, अनुभव येणार कुठून? पण २०२२ नंतरच्या उशिराबद्दल तुमचं बरोबर आहे, त्याचं समर्थन मी नाही करणार.

पाषाणकर: धन्यवाद दोघांनाही. आता प्रत्यक्ष मिळणार कधी?

सह्यकडा: भारत फोर्ज १८४ आणि टाटा १२३, मुदत साधारण पाच वर्षं. दोघेही डेव्हलपमेंटपासून सोबत आहेत म्हणून आशा आहे.