मदत हवी आहे: पोगचा व्हेपर कार्बोरेटर मारुती ८०० ला जमेल का?

गॅसकेट८००: कार्बोरेटरवाली (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) ८०० आहे, अ‍ॅव्हरेज १३. विनिपेगच्या चार्ल्स नेल्सन पोगने १९३० च्या दशकात पेट्रोलची पूर्ण वाफ करून गॅलनला २०० मैलांचा दावा केला होता. पेटंटही आहेत. सायलेन्सरच्या पाइपाला तांब्याची नळी गुंडाळून तसं करायचंय. कोणत्या मापाची घेऊ?

ढोबळमाप: आधी हिशेब. कॅनडातला तेव्हाचा गॅलन ४.५४६ लिटरचा, म्हणजे दावा लिटरला ७१ किमीचा. आजची छोटी हॅचबॅक सपाट रस्त्यावर एकसारख्या ८० ने धरा. वारा कापायला साधारण २०० न्यूटन, टायरना १२०. किमीमागे ०.३२ मेगाज्यूल. लिटरभर पेट्रोलमध्ये ३२. उष्णता अजिबात वाया गेली नाही तरी १०० किमी! ७१ साठी इंजिनाची कार्यक्षमता ७० टक्के हवी. साधं पेट्रोल इंजिन ३० च्या आसपास थांबतं. आणि पोगच्या दाव्याच्या तेव्हाच्या बातम्यांतली गाडी छोटी नव्हे, आठ सिलिंडरची फोर्ड व्ही-८ होती.

गरम, ट्यून केलेल्या इंजिनात ९५ टक्क्यांहून जास्त पेट्रोल तसंही जळतं. वाफ करून वाचणार काय? खरी गळती रेडिएटर आणि सायलेन्सरमधून. पेटंट रचनेच्या नावीन्याला मिळतं, अ‍ॅव्हरेज मोजून नाही.

गॅसकेट८००: पण तेल कंपन्यांनी पेट्रोलमध्ये शिसं मिसळून ते बंद पाडलं म्हणतात?

ढोबळमाप: शिसंवालं पेट्रोल १९२३ पासून विकलं जात होतं, पोगचं पहिलं पेटंट १९३० चं.

चोकवायर: नळी मुळीच गुंडाळू नका. पेट्रोलचे हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळतात, जड घटकांना २०० च्या आसपास लागतात. हलके आधी उडतात, जडांचा चिकटा नळीत बसतो. इंजिनाच्या फ्युएल पंपाकडे वाफ गेली की व्हेपर लॉक, म्हणजे वाफ अडकून पेट्रोल पुढे जात नाही, गाडी जागेवर बंद. जोड सैल झाला तर पेट्रोल थेट तापलेल्या पाइपावर.

१३ म्हणजे काहीतरी बिघडलंय. गाडी तापते म्हणून कुणी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकलाय का? हा उद्योग सर्रास चालतो. मग इंजिन थंडच राहतं आणि पेट्रोल पितं. गरम झाल्यावर चोकची पट्टी पूर्ण उघडते का, प्लग काजळलेत का, कार्बोरेटरमधल्या फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) पातळी चढलीय का, पाहा. जॅकवर चाक हाताने सहज फिरायला हवं. नाहीतर ब्रेक घासतोय.

मोजताना बाटलीभर पेट्रोलवर विसंबू नका, फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल आकडा फुगवतं. एकाच पंपावर टाकी फुल, किमान ३०० किमी, पुन्हा फुल.