पार्किंगमधलं पावसाचं पाणी ओढ्यात जाण्याआधी गाळायचं आहे, नेमकं काय बसवावं?

पागोळी (पुणे), १८ मे

आमची सोसायटी सहकारनगर भागात, आंबिल ओढ्यापासून चालत पाच मिनिटांवर. तीन विंग, ४८ फ्लॅट. पार्किंग आणि आतला रस्ता मिळून साधारण १२०० चौरस मीटर जमीन, सगळी काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकची. उतार मागच्या भिंतीकडे. तिथे दोन चेंबर, वर लोखंडी जाळ्या, आणि तिथून पावसाळी लाईन थेट ओढ्यात.

मी दोन वर्षं सेक्रेटरी आहे. गेल्या वर्षी पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन मुद्दाम त्या चेंबरपाशी जाऊन उभी राहिले. पहिली दहा मिनिटं पाणी काळंकुट्ट येत होतं, वर तेलाचा सप्तरंगी तवंग. त्यात गुलमोहराच्या पाकळ्या, सिगारेटची थोटकं, गुटख्याच्या पुड्या, आणि दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, इतके की मोजवेनात. जाळीवर पाला साचला की पार्किंगमध्ये घोटाभर पाणी साठतं. मग आमचे वॉचमनकाका सळईने जाळी उचलतात आणि सगळं आत ढकलतात. पाणी ओसरतं, वरून शाबासकी मिळते. त्यांना मी दोष देत नाही, त्यांना दुसरं काही करायला आम्ही दिलेलंच नाही. पण ते सगळं ओढ्यात जातं. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आम्ही इथे राहून पाहिली आहे. त्या पुराला कारणं अनेक असतील, पण आमच्या दोन चेंबरमधून जाणारा कचरा आमचा आहे आणि तो आम्हीच थांबवायला हवा.

दुसरी गोष्ट. आधीच्या कमिटीने पार्किंगचं पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून रिचार्ज बोअरमध्ये, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवायच्या बोअरमध्ये सोडलं होतं. दोन पावसाळ्यांत खड्डा चोंदला आणि बोअरच्या पाण्याला वास यायला लागला. ते बंद केलं. तीच चूक पुन्हा नको.

एक कंपनीवाले कोटेशन देऊन गेले: स्टीलचा फिल्टर, क्षमता ताशी ३०,००० लिटर, 'तेल, गाळ, कचरा सगळं अडवतो', ८५ हजार रुपये. हा पुरेल का? तेल खरंच अडेल का? आणि यातून गाळलेलं पाणी बोअरमध्ये सोडता येईल का? ३० मेला सभा आहे.

निवृत्त_अभियंता (ठाणे), १८ मे

ताई, आधी आकडे बघू. मुंबईची जुनी पावसाळी गटारं ताशी २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पडल्यावर ताशी ५० हा आकडा सगळ्यांच्या तोंडी आला. तुमच्यासाठी तोच धरा. १२०० चौरस मीटरवर ताशी ५० मिलिमीटर म्हणजे ६०,००० लिटर. थोडं मुरतं, थोडं अडकतं, तरी ५४,००० लिटर चेंबरकडे येणारच. सेकंदाला १५ लिटर, म्हणजे दर सेकंदाला एक बादली. ३०,००० वाला फिल्टर जोरदार सरीत मागे पडेल, पार्किंग तुंबेल आणि तुमचे वॉचमनकाका सळई घेऊन त्याचंही झाकण उचलतील.

म्हणून कोणतंही साधन घ्या, पहिला प्रश्न हाच विचारा: भरलं की जास्तीचं पाणी कुठून जाणार? ज्याला तशी वाट ठेवलेली नाही ते पावसाळी लाईनवर बसवू नये.

बोअरमध्ये पार्किंगचं पाणी अजिबात नाही, कितीही गाळलं तरी. पुण्याखाली काळा पाषाण आहे. पाणी त्याच्या भेगांमधून पळतं, मधे माती नसते, त्यामुळे जे आत घालाल तेच शेजाऱ्याच्या बोअरला पोचतं. रिचार्जला फक्त गच्चीचं पाणी द्या, तेही पहिल्या एकदोन सरी बाहेर सोडून. खड्ड्यात थर लावताना खाली मोठे दगड, मधे खडी, सगळ्यात वर जाड वाळू. गाळ वाळूवरच अडतो, दरवर्षी वरची दोन इंच वाळू खरवडून बदलायची. तुमचा खड्डा चोंदला यात नवल नाही, पार्किंगच्या तेलकट गाळापुढे तो टिकलाच नसता.

आणखी एक. कोरड्या दिवशी दोन्ही चेंबर उघडून बघा. पाऊस नसताना पाणी येत असेल तर कुणाची तरी मोरी किंवा वॉशिंग मशीन पावसाळी लाईनला जोडलेलं आहे. त्यावर कुठलाच फिल्टर चालत नाही.

सिएटलकर, १९ मे

पागोळीताई, मी इथे याच क्षेत्रात काम करतो, मूळचा साताऱ्याचा. काकांशी सहमत. माझ्या मते तुम्हाला ८५ हजारांचं यंत्र लागतच नाही.

चेंबरमध्ये तीन गोष्टी करा. पहिली, जाळीखाली बसणारी बास्केट. स्टीलच्या भोकंवाल्या पत्र्याची, ४-५ मिलिमीटरची भोकं, वरच्या कडेखाली चारी बाजूंनी १० सेंटिमीटर मोकळी फट. बास्केट भरली तरी पाणी त्या फटीतून जातं. कोणताही फॅब्रिकेटर बनवून देईल. दुसरी, बाहेर जाणाऱ्या पाइपला चेंबरच्या आतल्या बाजूने खाली तोंड केलेला एल्बो, म्हणजे काटकोनात वळलेला पाइपचा तुकडा. तेल वर तरंगतं, पाणी खालून निघतं, तवंग चेंबरमध्येच राहतो. तिसरी, चेंबरचा तळ पाइपपेक्षा फूट-दीड फूट खोल करून घ्या, जड गाळ तिथे बसेल. तवंगावर तेल शोषणारे पॉलिप्रॉपिलीनचे पॅड टाका, ते पाणी शोषत नाहीत.

पण यातून बारीक आणि विरघळलेलं काही थांबत नाही, हे सभेत स्पष्ट सांगा. आमच्याकडे वर्षानुवर्षं पहिल्या पावसात ओढ्यांतले कोहो सामन मासे अंडी घालण्याआधीच मरत होते. २०२० मध्ये कारण सापडलं: टायरच्या रबरात घालतात त्या एका रसायनाचा ओझोनशी संयोग होऊन विष तयार होतं आणि रस्त्यावरून धुऊन पाण्यात येतं. कुठल्याही जाळीला ते अडत नाही. तेच पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून झिरपवलं तर मासे जगतात. इथे ६० टक्के वाळू आणि ४० टक्के कंपोस्ट वापरतात. भिंतीलगत दोन मीटर रुंद पट्टा मिळत असेल तर वाफा करा. तुमची काळी माती मात्र घालू नका, ती फुगते आणि पाणी धरून बसते. कर्दळ, वाळा लावा.

पर्थवासी, १९ मे

आमच्या शेजारी क्विनाना म्हणून गाव आहे. २०१८ मध्ये तिथल्या हेन्ली रिझर्व्हमध्ये नगरपालिकेने पावसाळी पाइपांच्या तोंडाला दोन मोठ्या जाळीच्या पिशव्या बांधल्या आणि थोड्याच काळात ३७० किलो कचरा निघाला. आंबिल ओढ्याच्या तोंडाशी असं काही का करू नये?

निवृत्त_अभियंता (ठाणे), १९ मे

तिकडच्या पाइपच्या तोंडाला पिशवी ठीक आहे, ती क्रेनने उचलतात. आपल्या ओढ्यात गाद्या, फांद्या, सगळं वाहून येतं. तिथे आडवी जाळी म्हणजे बांधच झाला, मागच्या वस्तीत पाणी शिरेल. जिथे कचरा पाण्यात पडतो तिथेच धरा.

ताई, सिएटलकरांच्या खोल तळात पाणी साठून राहील, आपल्याकडे डेंग्यू आहे. जाळीच्या आत मच्छरदाणीच्या कापडाची चौकट लावली तर पहिल्याच सरीत ती पाल्याने बंद होईल, त्या नादाला लागू नका. पावसाने उघडीप दिली की आठवड्यातून एकदा 'कोरडा दिवस' पाळून ते पाणी उपसा. आधी पॅडने तवंग टिपून घ्या, मग पाणी वाफ्यात.

पागोळी (पुणे), १४ जून

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. सभेत कोटेशन नाकारलं. दोन बास्केट, दोन एल्बो आणि तळ खोल करण्याचं गवंडीकाम मिळून २१ हजारांत झालं. वाफ्यासाठी जागा सोडायला दोन गाडीवाले अजून तयार नाहीत, तो विषय पुढच्या सभेत पुन्हा घेणार.

परवा रात्री जोरात पाऊस झाला. सकाळी वॉचमनकाकांनी आणि मी दोन्ही बास्केट उचलल्या. रद्दीवाल्याच्या काट्यावर ओला कचरा ११ किलो भरला. मी तो वर्तमानपत्रावर पसरून निवडला. खाली काळा, बोटांना चिकटणारा गाळ, चोळला की रबरासारखा बारीक रवा लागतो. वर पाला. दुधाच्या पिशव्यांचे कोपरे ६३. ते धुऊन काचेच्या बरणीत घालून लिफ्टपाशी ठेवलेत, शेजारी 'कोपरा पूर्ण कापू नका, पिशवीला लटकता ठेवा' अशी चिठ्ठी. आज तिसऱ्या मजल्यावरच्या आजी स्वतःहून विचारायला आल्या की कसं कापायचं. त्यांना स्वयंपाकघरात जाऊन कापून दाखवलं.

पार्किंग तुंबलं नाही. फटीतून पाणी जाताना मी स्वतः बघितलं. डाव्या चेंबरमध्ये पॅड एका रात्रीत काळा झाला. वर बघितलं तर त्याच उताराला उभ्या असलेल्या एका जुन्या गाडीखाली तेलाचा डाग आहे. मालकांशी बोलले, ते गॅरेजला नेतायत. तोवर खाली लाकडाचा भुसा टाकलाय.

काका, तुमचं कोरड्या दिवसाचं म्हणणं खरं निघालं. आज पाऊस नाही, तरी उजव्या चेंबरमध्ये सकाळी नऊच्या सुमाराला फेसाळ पाणी येतंय. बी विंगकडून येतं इतकंच कळलं. शोधायचं कसं?

निवृत्त_अभियंता (ठाणे), १४ जून

खायचा रंग घ्या. एकेका फ्लॅटच्या मशीनच्या पाइपात चमचाभर रंग आणि बादलीभर पाणी ओता, एक माणूस चेंबरपाशी उभा करा. दोन फ्लॅटच्या मधे पंधरा मिनिटं जाऊ द्या, नाहीतर आधीचाच रंग येत राहतो. सापडल्यावर भांडू नका, बहुतेक वेळा प्लंबरने जवळची लाईन म्हणून जोडलेलं असतं आणि घरच्यांना माहीतही नसतं.

पागोळी (पुणे), १४ जून

लाल रंगाची बाटली आणली. उद्या रविवार, सगळे घरी असतात. बी विंगच्या तळमजल्यापासून सुरू करतो, वॉचमनकाका चेंबरपाशी उभे राहतील.